गँडाल्फवाले इयन मॅकेलन, नाटकातलं काम कुठून बघू?

निवांत_पाटील: लॉर्ड ऑफ द रिंग्जचे तिन्ही भाग परत बघून काढले. लेक म्हणते गँडाल्फ मूळचा नाटकवाला. मला एक्स-मेन सिनेमांतला त्याचा खलनायक मॅग्नेटो सोडून काही माहीत नाही. हा बाबा म्हातारपणीच उगवला की काय?

तिसरी_घंटा: उगवला कसला! 1961 ला कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरात पहिलं व्यावसायिक काम आणि गँडाल्फ पडद्यावर आला 2001 ला, मधली चाळीस वर्षं काय झोपला होता का. 1976 चा शेक्सपिअरचा मॅकबेथ शोध, दिग्दर्शक ट्रेव्हर नन, लेडी मॅकबेथ ज्युडी डेंच, स्ट्रॅटफर्डच्या एका पत्र्याच्या शेडवजा थिएटरात केलेला, नेपथ्य जवळजवळ नाहीच, पुढे टीव्हीसाठी शूट केला म्हणून आपल्या नशिबी. खून करून येतो तो सीन बघ, आरडाओरडा नाही, दोघं नुसते कुजबुजतात. आपल्याकडे बाल्कनीतल्या शेवटच्या खुर्चीसाठी बोलायची सवय, त्यामुळे मला आधी ते मिळमिळीत वाटलेलं, दुसऱ्यांदा बघताना घाम फुटला.

चहाबिस्कीट: नवख्या माणसाला थेट मॅकबेथ कशाला देतोस रे, पळून जाईल तो. 1995 चा रिचर्ड थर्ड सिनेमा बघा पाटील, तोही शेक्सपिअरच्याच नाटकावरचा, गोष्ट 1930 च्या दशकातल्या फॅसिस्ट इंग्लंडमध्ये नेलीये, पटकथेतही मॅकेलनचा हात आहे. पहिलं स्वगत पार्टीत माइकवर भाषण म्हणून सुरू होतं आणि उरलेलं चक्क मुतारीत, मग आरशात त्याला आपण दिसतो! तिथून पुढे गादी बळकावायच्या त्याच्या कटात आपणही सामील.

मावशी_डोंबिवली: हॉबिट सिनेमात परत गँडाल्फ करताना हिरव्या पडद्यासमोर एकटाच उभा, समोर बुटक्यांऐवजी त्यांचे फोटो, ज्याचं वाक्य त्याचा दिवा लागणार. रडला होता बिचारा, यासाठी नट झालो नव्हतो म्हणाला. नाटकवाल्याला समोर माणूस लागतो हो.

तिसरी_घंटा: मावशी +1. आणि 2024 ला लंडनमध्ये शेक्सपिअरचा ढेरपोट्या सरदार फॉलस्टाफ करताना लढाईच्या सीनमध्ये खुर्चीत पाय अडकून थेट स्टेजवरून खाली, वय 85! मनगट मोडलं, मणक्यालाही मार, पण ढेरीसाठी बांधलेल्या पॅडिंगने वाचवलं.

निवांत_पाटील: बाप रे. घंटाभाऊ, तुमचा मॅकबेथ नंतर, रविवारी आधी मुतारीवालं स्वगत. लेकीला पण बसवतो.