गावात हॅम रेडिओ सुरू करायचाय, कुठून सुरुवात करू?

पोफळीवाडी:
नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात अगदी समुद्राकडेला आमचं गाव. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी ठाण्यात आणि आईबाबा गावात. दुपारी बाबांशी बोलताना फोन कट झाला तो झालाच, लाइट नाही टॉवर नाही, चार दिवस काहीच कळेना. पाचव्या दिवशी आमचे दूधवाले काका वीसेक घरांचे नंबर चिठ्ठीवर लिहून घेऊन डोंगरावर जिथे जरा रेंज येत होती तिथे गेले आणि एकेकाला फोन करून सांगत बसले, "घरचे बरे आहेत, कौलं गेली, माड पडले." मी ते ऐकून रस्त्यातच खाली बसलो. आता आम्ही चौघं मिळून गावात हॅम रेडिओ, म्हणजे टॉवरशिवाय चालणारा हौशी लोकांचा वायरलेस, ठेवावा म्हणतोय. ऑनलाइन स्वस्तातले वॉकीटॉकी दिसतात ते घेतले तर चालतील का?

घाटमाथा_हॅम:
भाऊ, लायसन्सशिवाय त्यावर बोलायचं नाही, आधी परीक्षा द्या. थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम, वय १२ पूर्ण असलं की बसता येतं, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला (खालच्या दर्जाचं लायसन्स) मोर्स, म्हणजे टिकटिकीची संकेतलिपी, पण लागत नाही. दुसरं म्हणजे हातातला व्हीएचएफ सेट (आखूड लहरींचा, वॉकीटॉकीसारखा) साधारण समोर दिसतं तिथपर्यंतच जातो. कोकणात प्रत्येक गाव दोन डोंगरांच्या मधल्या खळग्यात, म्हणजे उंचावर रिपीटर (आवाज पकडून पुढे पाठवणारं यंत्र) नसेल तर शेजारच्या खाडीपलीकडे पण आवाज जायचा नाही, आणि वादळात त्या रिपीटरचीच लाइट गेली तर संपलं. म्हणून एचएफ (जास्त लांब लहरींचा) सेट बघा, ४० मीटर बँड, म्हणजे साधारण ४० मीटर लांबीच्या लहरी. अँटेनाची तार मुद्दाम खाली बांधायची, १२-१५ फुटांवर, मग लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनोस्फिअरवरून (वातावरणाचा वरचा थर) परत खाली येतात, डोंगर मधे येतच नाही. दिवसा त्यावर पुणे मुंबई मिळायला हवं, रात्री जवळच्यासाठी ८० मीटर लागतो. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी पुरते.

वाशिष्ठीकाठ:
चिपळूणहून. २२ जुलै २०२१ चा पूर आठवतोय ना, तेव्हा आमच्या ओळखीच्यांकडे बॅटरी इन्व्हर्टर सगळं तळमजल्यावर, पहिल्या तासातच पाण्याखाली. तेव्हा सेट माळ्यावर ठेवा ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे निरोप कागदावर लिहूनच पाठवायचा, कोण, कुठे, किती माणसं, काय पाहिजे, किती वाजता, आणि पलीकडच्याने तो वाचून दाखवायचा. पुरात "अमुक वाडी वाहून गेली" असल्या अफवा कितीतरी ऐकल्या आणि त्यापायी लोक भलतीकडेच धावत होते. तुमच्या दूधवाल्या काकांनी चिठ्ठी केली ना, हॅमवाले नेमकं तेच काम करतात हो, काका नुसते रेडिओशिवाय करत होते.

खलाशी_हर्णै:
आमच्या होडीवर मरीन व्हीएचएफ आहे, चॅनल १६ संकटासाठी. तो आणि हॅम वेगळा, लायसन्स पण वेगळं, एकावरून दुसऱ्यावर बोलायचं नसतं. पण बंदरावर ज्याच्याकडे सेट आहे त्याच्याशी ओळख ठेवा, निरोप हाताने नेऊन दिला तरी काम होतं.

घाटमाथा_हॅम:
आणि सराव करा, दर रविवारी ठरलेल्या वेळी. २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून संपर्क लगेच सुरू झाला कारण भारती प्रसाद या हॅम ऑपरेटरची टीम आधीपासूनच तिथे अँटेना लावून बसली होती. वादळ आल्यावर तार शोधत बसलात तर काही होत नाही.

पोफळीवाडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. वॉकीटॉकीचा विचार सोडला, चौघंही परीक्षेला बसतोय. काकांना विचारलं तर म्हणाले अभ्यास जमेल की नाही माहीत नाही पण चिठ्ठ्या मी गोळा करीन, कुठल्या घरात कोण एकटं आहे ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. आज बाबांनी हापूसच्या झाडापासून विहिरीच्या रहाटापर्यंत दोरीने मोजलं, २२ मीटर भरलं. ४० मीटर बँडच्या डायपोलला (मधोमध जोडलेली तारेची अँटेना) साधारण २० मीटर लागतात ना?