जाकीट छातीपुरतेच
हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जाकीट असल्यावर युद्धछायाचित्रकाराचा धोका बराच कमी होतो, हे म्हणणे अर्धेच खरे आहे, कारण जाकीट छाती आणि पाठ झाकते, हातपाय व जांघा उघड्याच राहतात. २० एप्रिल २०११ रोजी लिबियातील मिसराता येथे उखळी तोफांच्या माऱ्यात टिम हेदरिंग्टन आणि ख्रिस हॉन्ड्रॉस हे छायाचित्रकार मारले गेले. हेदरिंग्टन यांचा मृत्यू अतिरक्तस्रावाने झाला. रक्त वेळीच थांबवता आले असते तर ते कदाचित वाचले असते हे कळल्यावर त्यांचे सहकारी सेबॅस्टियन युंगर यांनी मुक्त पत्रकारांना प्रथमोपचार शिकवणारी ‘रिस्क’ ही संस्था काढली.

मुक्त पत्रकारांनाच का, तर पगारी छायाचित्रकाराच्या प्रशिक्षणाचा आणि विम्याचा खर्च बहुधा त्याची संस्था उचलते, मुक्त छायाचित्रकाराला मात्र तो स्वतःच्या खिशातून करावा लागतो (आणि तिथेच काटकसर होते). रक्तस्राव थांबवण्यासाठी टूर्निकेट, म्हणजे हात किंवा पाय आवळायचा पट्टा, जखमेच्या वर धडाकडच्या बाजूला बांधून, जखमी कितीही कळवळला तरी रक्त थांबेपर्यंत पट्ट्याची दांडी पिरगळायची आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवायची, एवढेच ते तंत्र आहे. मात्र तो पट्टा दोन्हींपैकी कोणत्याही हाताला सापडेल असा बाहेर अडकवलेला हवा. कॅमेऱ्याच्या बॅगेत तळाशी गेलेला पट्टा असून नसल्यासारखाच.