सिक्स-ओएचडीए मॉडेल: बॅरियर टॉक्सिनने लीक होतो की सुईने?

खारी_बिस्कीट
एमएस्सी लाइफ सायन्स, कालिना. जर्नल क्लबला पार्किन्सन्सच्या रॅट मॉडेलवरचा पेपर वाट्याला आलाय आणि एका ठिकाणी गाडी अडलीय. सिक्स-ओएचडीए हे डोपामिनवाले न्यूरॉन मारणारं टॉक्सिन ब्लड-ब्रेन बॅरियर (रक्तातलं नको ते मेंदूत जाऊ न देणारी केशवाहिन्यांची भिंत) ओलांडत नाही म्हणून ते सुईने थेट स्ट्रायाटममध्ये (मेंदूतल्या हालचाली सांभाळणाऱ्या भागात) सोडतात, मग शिरेतून इव्हान्स ब्ल्यू हा निळा डाय देऊन मेंदू निळा झाला की म्हणतात बघा बॅरियर लीक झाला. अरे पण कवटीला भोक पाडून सुई तुम्हीच घातलीत ना, निळं होणारच की! एमपीटीपी हे दुसरं टॉक्सिन तर पोटात इंजेक्शन दिलं तरी मेंदूत पोचतं, मग सगळे तेच का नाही वापरत? मॅडम बाहेरगावी, शुक्रवारी प्रेझेंटेशन. सांगा प्लीज कोणीतरी.

परळचा_पिपेट
शंका रास्त आहे, परीक्षक हेच विचारणार. शॅम ग्रुप शोध आधी, म्हणजे टॉक्सिन सोडून बाकी सगळं तसंच केलेले रॅट. तीच सुई, तेवढीच खोली, आत फक्त एस्कॉर्बिक ॲसिड घातलेलं सलाइन. सुईच्या वाटेवर थोडं निळं त्यांच्यातही दिसतं, तुलना त्याच्याशी करायची. दुसरं म्हणजे जागा बघ, सुई स्ट्रायाटमात गेली आणि लीक खाली सबस्टॅन्शिया नायग्रात (ज्या न्यूरॉनचे तंतू स्ट्रायाटमात पोचतात त्यांच्या मूळ जागी) दिसला तर तो सुईच्या माथी मारता येत नाही. तिथे न्यूरॉन मरायला लागले की मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी) भडकतात, टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा रेणू सोडतात, एमएमपी-९ हे प्रोटीन कापणारं एन्झाइम वाढतं आणि ते क्लॉडिन-५, ऑक्लुडिन असली टाइट जंक्शनची, म्हणजे भिंतीच्या पेशी घट्ट जोडणारी प्रोटीन्स कुरतडतं. म्हणजे टॉक्सिनने केशवाहिनीला हात न लावताही बॅरियर ढिला पडू शकतो. त्यामुळे लीक आधी की न्यूरॉन मरणं आधी, हे एकाच दिवशीच्या फोटोवरून कोणी ठामपणे सांगत असेल तर मला तरी पटत नाही.

चाळीतला_न्यूरॉन
एमपीटीपीचं मी सांगतो, भारी किस्सा आहे. 1982 साली कॅलिफोर्नियात नकली हेरॉइन टोचून घेतलेली तरुण पोरं अचानक पुतळ्यासारखी आखडली, त्या मालात भेसळ म्हणून एमपीटीपी निघालं. ते स्वतः फारसं घातक नाही, मेंदूत शिरलं की ॲस्ट्रोसाइटमधलं (न्यूरॉनच्या मदतनीस पेशीतलं) एमएओ-बी एन्झाइम त्याचं एमपीपी-प्लस हे खरं विष करतं, ते डोपामिन ट्रान्सपोर्टरमधून (डोपामिन आत ओढणाऱ्या दारातून) न्यूरॉनमध्ये घुसतं आणि मायटोकॉन्ड्रियाचा कॉम्प्लेक्स-1, म्हणजे ऊर्जा बनवण्यातला एक टप्पा, बंद पाडतं. आता रॅटची गंमत बघ, त्यांच्या मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंतीतच एमएओ-बी भरपूर, त्यामुळे एमपीटीपीचं एमपीपी-प्लस बरंचसं तिथेच होतं आणि चार्ज असल्यामुळे ते पुढे सरकत नाही. म्हणून रॅटवर एमपीटीपी नीट चालत नाही, त्याला सी57 ब्लॅक ही छोट्या उंदराची जात लागते, आणि रॅटवाले सिक्स-ओएचडीएच्या मागे. बॅरियर म्हणजे नुसती घट्ट शिवण नाही, तिथे एन्झाइमचीही चौकी असते हे स्लाइडवर टाक, मार्क मिळतील.

डोंबिवली_फास्ट
मी सायन्सवाली नाही पण वाचतेय. सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे, नाशिककडे द्राक्षबाग होती, वर्षानुवर्षं फवारणी. औषधाने बॅरियर फाटला असेल का हो?

परळचा_पिपेट
ताई, एका माणसाबाबत कारण ठरवता येत नाही. पॅराक्वाट (तणनाशक), रोटेनोन (कीटकनाशक) यांच्याशी संपर्क आलेल्यांमध्ये पार्किन्सन्स जास्त दिसलाय, एवढं खरं. पण आत शिरायला बॅरियर फाटावाच लागतो असं नाही. रोटेनोन चरबीत विरघळणारं, सहज पार होतं. पॅराक्वाट अमिनो ॲसिडच्या ट्रान्सपोर्टरवर बसून जातं असं दिसलंय. पार्किन्सन्सवरची लेव्होडोपाची गोळीही त्याच वाटेने जाते, म्हणून डाळ-पनीर-अंड्याच्या जेवणाबरोबर घेतली तर काहींना ती कमी लागू पडते. सासऱ्यांच्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून घ्या, मनाने बदलू नका.

खारी_बिस्कीट
शॅम सापडला, सप्लिमेंटरीत लपवून ठेवलाय मेल्यांनी. नायग्रात शॅमला जवळपास काहीच नाही, टॉक्सिनवाल्यात निळं आहे! अजून काय तपासू?

परळचा_पिपेट
परफ्युजन. मेंदू काढण्याआधी हृदयातून सलाइन सोडून रक्त पूर्ण धुतलं होतं का, उजव्या कर्णिकेतून स्वच्छ पाणी येईपर्यंत. नाहीतर रक्तवाहिन्यांत अडकलेला डायच लीक म्हणून मोजला जातो. मेथडमध्ये त्यांनी ते लिहिलंय का बघ, नसेल तर तोच प्रश्न तू शुक्रवारी सगळ्यांसमोर काढ.