मदत हवी आहे: स्क्रीनवर उजळ दिसणारे फोटो प्रिंटमध्ये काळपट येतायत

नमस्कार मंडळी, मी घरूनच लग्नाच्या अल्बमचं काम करते, २४ इंची आयपीएस मॉनिटर एचडीएमआयने जोडलाय. स्क्रीनवर फोटो मस्त उजळ दिसतो आणि प्रिंट हातात आली की चेहरे काळपट, परवा नवरीच्या आईला काय सांगावं तेच कळेना, फार वाईट वाटलं.

ब्राइटनेस १०० वर होता तो ३५ केला, कलर टेम्परेचर ६५०० के ठेवलं, पण मॉनिटरचा एसआरजीबी मोड (ठरावीक प्रमाणित रंग दाखवणारी सेटिंग) लावला की ब्राइटनेस लॉकच होतो. काळा रंगही राखाडी दिसायचा, ग्राफिक्स सेटिंगमध्ये आरजीबी लिमिटेड (म्हणजे रंगांची पूर्ण रेंज न वापरता फक्त १६ ते २३५) होतं ते फुल केल्यावर जरा सुधारलंय. आता विंडोजमधलं कॅलिब्रेशन (स्क्रीनचे रंग जुळवून घेणं) पुरेल का कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनवरचे रंग मोजणारं उपकरण, घ्यावाच लागेल? अल्बमवाले कोणी असाल तर प्लीज सांगा, पुढची ऑर्डर तोंडावर आलीय.