इंग्रजीत ‘डॉग’ मानाचा आणि मराठीत ‘कुत्रा’ शिवी, असं खरंच आहे का?

नदीकाठ:
परवा मॅच बघताना भाचा म्हणाला, “मामा, आपली टीम अंडरडॉग आहे.” मी म्हटलं, “म्हणजे खालचा कुत्रा का रे?” ताईनं असे डोळे वटारले की बस! माझा मुद्दा हाच आहे. इंग्रजीत अंडरडॉगसाठी, म्हणजे हरणारच असं धरलेल्यासाठी, लोक टाळ्या वाजवतात, टॉप डॉग म्हणजे सगळ्यांचा बाप, डॉगेड म्हणजे चिकाटीचा. आपल्याकडे? कुत्र्याच्या मौतीनं मेला, काळं कुत्रं विचारत नाही, शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. त्यांनी कुत्रा सोफ्यावर बसवला, भाषेतसुद्धा. आपण दोन्हीकडून हाकलला.

शब्दवेडी:
तुम्ही सोयीचे तेवढे वेचलेत. ‘गोइंग टु द डॉग्ज’ म्हणजे रसातळाला जाणं. ‘डॉग्ज लाइफ’ म्हणजे हालाचं जिणं. ‘डॉग्ज ब्रेकफास्ट’ म्हणजे नुसता घोळ. आणि ‘डाय लाइक अ डॉग’ तर तुमच्या त्या मौतीचा सख्खा भाऊ! एमबीए केलेल्यांना विचारा, बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीच्या नावाच्या तक्त्यात ज्या धंद्याला ना वाढ ना बाजारात वाटा, त्याला ‘डॉग’ म्हणतात. (गाय मात्र तिथेही दुभती आणि मानाची.)
आपल्याकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले.

नदीकाठ:
देवळातलं नको ताई, बोलण्यातलं सांगा. पोलिसांचं ते ‘श्वानपथक’. कुत्रापथक कधी छापून आलंय? पगारी झाला की श्वान, बेवारस असला की कुत्रा.

शब्दवेडी:
हे मात्र झकास. हा मुद्दा तुम्हाला दिला.

सनातन_पुणेकर:
डॉग काय न् श्वान काय, सगळं संस्कृतातूनच गेलंय. उगाच वाद.

शब्दवेडी:
अहो, नाही हो. श्वानाचा इंग्रजीतला भाऊबंद ‘हाउंड’. आपल्या ‘श’च्या जागी तिकडे ‘ह’ येतो: शत–हंड्रेड, शृंग–हॉर्न, तसंच श्वान–हाउंड. तेही संस्कृतातून गेलेले नाहीत, दोघांचं मूळ घराणं एक, इतकंच. जुन्या इंग्रजीत कुठल्याही कुत्र्याला ‘हुंड’च म्हणत, जर्मनमध्ये आजही म्हणतात. ‘डॉग’ कुठून उपटला ते भाषातज्ज्ञांनाही उलगडलेलं नाही. त्यानं हळूहळू हाउंडला शिकारीपुरतं ठेवलं आणि घर बळकावलं.
नुसता आवाज जुळला म्हणून नातं लावू नका. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला चक्क ‘डॉग’च म्हणत, आणि इंग्रजीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

लेथवाला_कोल्हापूर:
तुम्ही पुस्तकं चाळताय, आम्ही रोज डॉग हातात धरतोय. आमच्याकडं लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, धरायला दोन चक असतात. ट्रू चकाचे तिन्ही जॉ एकदम सरकतात, गोल जॉब पटकन बसतो. डॉग चकाला चार जॉ, प्रत्येकाचा स्क्रू वेगळा. वेडंवाकडं कास्टिंग, म्हणजे ओतीव तुकडा, दिलं तरी चारी बाजूंनी असं धरतं की हलायची टाप नाही. जॉ म्हणजे जबडाच की! रेल्वेतबी रूळ लाकडी स्लीपरला धरून ठेवणारा खिळा डॉग स्पाइक. म्हणून मी म्हणतो, इंग्रजीत डॉग म्हणजे मान नाही न् शिवी नाही. डॉग म्हणजे पकड. डॉगेड तिथनंच आलं असणार.

शब्दवेडी:
दादा, डॉगेडबद्दल घाई नको. तो शब्द आधी खुनशी, तिरसट माणसाला लावत. कौतुकाची छटा मागून आली. पण पकडीचं तुमचं निरीक्षण सोडवत नाही. जर्मन आणि फ्रेंचांनी ‘डॉग’ हा शब्द उचलला तो सगळ्या कुत्र्यांसाठी नाही, दांडग्या, रुंद जबड्याच्या जातींसाठी. एखाद्याची पाठ सोडायची नाही यालाही ‘टु डॉग’च म्हणतात.

नदीकाठ:
म्हणजे माझी बाजू कुत्रंही खात नाही म्हणायची. पण अंडरडॉगला मराठीत काय म्हणू, ते कुणी सांगितलंच नाही. ‘दुबळा संघ’ म्हटलं तर भाचा रुसतो.

लेथवाला_कोल्हापूर:
‘लिंबूटिंबू’ म्हणा.

शब्दवेडी:
लिंबूटिंबू जिंकत नसतो हो! त्याला आऊटच धरत नाहीत.

लेथवाला_कोल्हापूर:
मग तुम्हीच काढा शब्द. माझा जॉब डॉग चकात अडकलाय, डायल लावून बरोबर मधोमध आणायचाय. संध्याकाळी बघतो.