मदत हवी आहे: सगळं नॉर्मल असताना ३९व्या आठवड्यात कळा आणून घ्याव्यात का?

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. पहिलंच बाळंतपण, सोमवारी ३९ आठवडे पूर्ण होतील. बीपी, साखर, बाळाची वाढ, पाणी सगळं व्यवस्थित. नाव फोंड्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात घातलंय. डॉक्टरांनी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्यात: हवं तर भरती होऊन कळा सुरू करू, नाहीतर ४१ पर्यंत थांबू.

सासरच्यांना पहिली वाट लगेच पटली. आता बाळंत झाली तर चवथीआधी सोयर फिटतं. त्यांची अडचण मला कळते, वर्षाचा गणपती आहे. पण बाळाची तारीख त्यावरून ठरावी हे मला पटत नाही, आणि बहिणीलाही थांबायचंय.

कळा आणल्या की सिझर ठरलेलंच, असं आई म्हणते. वाचल्यावर ते तितकं खरं वाटत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'अराइव्ह' अभ्यासात कमी जोखमीच्या सहा हजारांवर पहिलटकरणी होत्या. ३९व्या आठवड्यात कळा आणायच्या गटात सिझर १८.६ टक्के, वाट पाहणाऱ्या गटात २२.२. बाळांच्या गंभीर त्रासात मात्र ठोस फरक दिसला नाही. उलट जागतिक आरोग्य संघटना म्हणते, गुंतागुंत नसेल तर ४१ आठवड्यांआधी कळा आणू नका. मग आपल्यासारख्यांनी काय धरायचं?

माझी खरी काळजी वेगळी आहे. तपासणीत पिशवीचं तोंड अजून बंद आणि घट्ट आहे. म्हणजे आधी तोंड मऊ करून उघडायला जेल किंवा फोलीचा फुगा (नळीने आत घालून फुगवतात तो), मग कळा आणायला ऑक्सिटोसिनची ड्रिप; एक दिवस, कदाचित जास्तही. कळा फार जवळजवळ यायला लागल्या तर बाळाचे ठोके उतरू शकतात, म्हणून कोणीतरी सतत लक्ष ठेवायला हवं. रात्री दोन वाजता सिझर करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ तिथे असतील का? बाळाला एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) लागलं तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, न्यावं लागेल का? हे डॉक्टरांना विचारणार आहेच.

फोंडा, मडगाव, म्हापसा भागात कुणी असं करून घेतलंय का? किती तास लागले? ठोक्यांचं मशीन सतत लावलं होतं की मधूनमधून? तोंड उघडत नाही म्हणून किती वेळाने सिझरचं म्हणाले? इथे कुणी डॉक्टर किंवा नर्स असतील तर कृपया सांगा, तोंड घट्ट असताना निव्वळ तारखेसाठी तुम्ही हो म्हणाल का? शनिवारी कळवायचं आहे.