मदत हवी आहे: मुलांच्या निवासी उन्हाळी शिबिराचा पहिला दिवस कसा आखावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या निवासी उन्हाळी शिबिराच्या पहिल्या दिवसाची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे. आठ ते तेरा वयोगटातले मुलगे, आठवड्याभराचा मुक्काम आणि त्यातले बरेचसे पहिल्यांदाच घराबाहेर राहणार. खेळ, भटकंती, पोहणं बघायला अनुभवी माणसं आहेत. मला काळजी आहे ती मुलं फाटकातून आत येतात तिथपासून रात्री दिवे मालवेपर्यंतच्या वेळेची. तो दिवस नीट गेला तर पुढचा आठवडा मुलं स्वतःच ओढून नेतात.

जुन्या वेळापत्रकात नावनोंदणी, उद्घाटन, भाषणं, नियमांचं वाचन आणि शेवटी तंबूवाटप असा क्रम आहे. तो मला पटत नाही. नव्या जागी आलेल्या लहान मुलाला आधी कळायला हवं की आपण झोपणार कुठे, संडास कुठे आहे आणि काही लागलं तर कोणत्या दादाला हाक मारायची. तोवर वाचलेला एकही नियम त्याच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून आधी तंबू, मग सामान लावणं, मग आवारातून एक चक्कर आणि उद्घाटन संध्याकाळी शेकोटीपाशी, तेही थोडक्यात, असं मी सुचवलंय. ज्येष्ठांचं म्हणणं, पालक समोर असतानाच कार्यक्रम व्हायला हवा. त्यांची बाजू मला कळते, पण दिवस पालकांचा आहे की मुलांचा? तुमच्याकडे कसं करतात?

दुसरा प्रश्न निरोपाचा, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. काही पालक मूल रमेपर्यंत थांबतो म्हणतात. पण आई-बाबा समोर असेपर्यंत मूल रमतच नाही. बूट न काढता, बॅगेची चेनही न उघडता बॅगेवरच बसून राहिलेला मुलगा तुम्ही पाहिला असेल. शेजारच्या मुलाचं नावही त्याने विचारलेलं नसतं, कारण परतीचा रस्ता अजून उघडा आहे हे त्याला दिसत असतं. अंथरूण घालून झालं की एक मिठी आणि निरोप, असं ठरवलं तर पालकांना ते तुटक वाटेल का? हे त्यांना आधी कोणत्या शब्दांत कळवावं?

यातच आणखी एक. ‘नाही आवडलं तर फोन कर, लगेच न्यायला येतो’ असं पालक सहज बोलून जातात. ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकात २००७ साली ख्रिस्तोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन यांचा घराच्या आठवणीने होणाऱ्या त्रासावर लेख आला होता. असा करार मुलाशी करू नये, असा त्यांचा सल्ला आहे. त्यातून मुलाला एकच कळतं, की तुला हे जमेल असं आम्हालाच वाटत नाही. माहितीपत्रकात हे घालावं असं मला मनापासून वाटतं, पण पालकांना उपदेश वाटायला नको.

गटांबद्दलही मदत हवी आहे. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर घेतलेल्या शिबिरात वीसेक मुलगे होते. वेगवेगळ्या आर्थिक-सामाजिक थरांतले हे मुलगे चार गटांत मुद्दाम मिसळले होते आणि प्रत्येक गटाचा प्रमुख त्यांच्यातलाच एक मुलगा होता. ही कल्पना मला फार आवडते. पण एकाच वर्गातून पाच जण आले तर त्यांना फोडावं का? माझा कल जोडी एका तंबूत ठेवावी, टोळी ठेवू नये, असा आहे.

पोहण्याची चाचणी पहिल्याच दिवशी घ्यायचं ठरलंय. पाण्यात उतरण्याआधी कोणाला किती येतं हे कळायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. फक्त ती सगळ्यांच्या देखत होऊ नये, कसं जमवावं?

अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

*

प्रतिसाद:

तुमचा क्रम बरोबर आहे, त्यावर ठाम राहा. ज्येष्ठांना सांगा, समारोपाला पालकांना बोलवू. तेव्हा मुलांकडे दाखवण्यासारखंही काही असतं.

चाचणीला तंबूवार बोलवा. चार-पाच जण पाण्यात, बाकीचे दूर खेळात. ज्याला येत नाही त्याला तिथेच जोडीदार ठरवून द्या, म्हणजे कमीपणा वाटत नाही.

निरोपाच्या वेळी मुलाच्या हातात काम हवं. तंबूची पाटी रंगवायची असेल तर आई-बाबा निघताना तो ब्रश धरून उभा असतो. रडू आलं तरी येऊ द्या. घराची आठवण बहुतेक मुलांना येतेच. ‘रडू नको, तू मोठा मुलगा आहेस’ हे वाक्य तुमच्या दादालोकांच्या तोंडून पूर्ण बंद करा. मुलग्यांना ते इतकं ऐकवलेलं असतं की ती रडणं लपवतात आणि पोट दुखतंय म्हणून सांगतात. पोट खरंच तपासा, आणि मग शेजारी बसून घरी कोण कोण आहे ते विचारा.

तुमच्या यादीत रात्र राहिली आहे. अंथरूण ओलं होणं मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा जास्त आढळतं आणि सात वर्षांच्या वयात ते अजिबात दुर्मीळ नाही, काहींचं पुढेही राहतं. नावनोंदणीच्या अर्जात औषधं आणि अ‍ॅलर्जीच्या रकान्यांसोबत हाही रकाना ठेवा. अशा मुलाची जागा तंबूच्या दाराशी द्या, जादा चादरी दादाकडे ठेवा आणि निजण्याआधी सगळ्या तंबूलाच लघवीला नेऊन आणा, म्हणजे कोणी एकटा उठून दिसत नाही. सकाळी बाकीचे व्यायामाला गेले की चादर बदलायची, कुठेही वाच्यता न करता. हे काम कोणाचं, ते नाव आधीच ठरवून ठेवा.

निरोपाचं पत्र मी आमच्या पालकांना दरवर्षी पाठवते. मसुदा हवा असेल तर इथेच टाकते.